काळ्या गाडीवरचे पॉलिशचे पुसट वळ घरी कसे काढायचे

खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात बेळगावात गाड्या पॉलिश करून घ्यायची एकच घाई उडते. काळी, गडद निळी, मरून गाडी दुकानातून बाहेर पडते तेव्हा झकास दिसते. पूजा होते, दिवाळी सरते, गाडी दोन-चारदा धुऊन निघते, आणि एका सकाळी तिरप्या उन्हात बॉनेटवर रुपेरी, नागमोडी पट्टे दिसायला लागतात. आपण एक पाऊल बाजूला सरकलो की पट्टेही सरकतात. रंग गेला म्हणून मालक हबकतो. बहुतेक वेळा रंग शाबूत असतो. मशीनचा शेवटचा बारीक हात फिरवायचा राहून गेलेला असतो, आणि तो घरी, आपल्या अंगणात फिरवता येतो.

पहिल्यांदाच मशीन हातात धरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. म्हणून एक गोष्ट आताच सांगतो आणि पुढंही सांगत राहीन: या कामात जितकं कमी घासाल तितकं चांगलं. मऊ पॅड, बारीक पॉलिश, हलका हात. हाताशी मशीन आहे म्हणून खोल ओरखडेही काढून टाकू, हा मोह इथं धरायचा नाही.

वळ पडतात कसे

गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. उद्यमबागेत किंवा मच्छ्याला मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांना मायक्रॉन म्हणजे किती हे सांगायला नको, त्यांच्या हातात रोज मायक्रोमीटर असतो. बाकीच्यांसाठी सांगायचं तर माणसाचा केस जाडीला ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. गाडीची सगळी चमक केसापेक्षा पातळ अशा या एका थरात आहे. बारीक पॉलिशचा एक हात त्यातला मायक्रॉनभरसुद्धा घेत नाही. कंपाउंड, म्हणजे जाड कणांचं घासायचं पॉलिश, त्याच्या कितीतरी पट घेतं, आणि गेलेला थर परत येत नाही.

बहुतेक दुकानांत रोटरी मशीन असते. तिचा पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरतो. त्यावर लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंड लावलं की जुने ओरखडे झटपट जातात, पण मशीन ज्या वाटेनं फिरली त्या वाटेवर अतिशय बारीक रेघांचा पट्टा मागं राहतो. तो काढायला पुन्हा फोमचा मऊ पॅड आणि बारीक पॉलिश फिरवावं लागतं. दसऱ्याच्या गर्दीत नेमकी हीच पायरी गळते. वरून तेलकट पॉलिश फासलं की रेघा बुजतात आणि गाडी चमकायला लागते. शाम्पूच्या दोन-तीन धुण्यांत ते तेल निघून जातं आणि रेघा उघड्या पडतात.

पांढऱ्या आणि रुपेरी गाड्यांवरही हेच वळ असतात, फक्त दिसत नाहीत. ओरखडा प्रकाश इकडंतिकडं फेकतो. पांढऱ्या रंगातून मुळातच भरपूर प्रकाश परत येत असल्यानं त्यात तो मिसळून जातो. काळा रंग प्रकाश गिळतो, म्हणून ओरखड्यानं फेकलेला तेवढाच डोळ्यात भरतो, दगडी पाटीवर पेन्सिलीची बारीक रेघ उठावी तसा.

आधी नेमकं काय आहे ते ओळखा

ट्यूबलाइटखाली काहीच कळत नाही. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन, नाहीतर एलईडी टॉर्च लागते. मोबाइलचा टॉर्चही चालतो. तो बॉनेटपासून हातभर लांब धरा आणि तिरक्या नजरेनं बघा.

लांबलचक पट्टे दिसले आणि ते नजरेबरोबर सरकले, तर ते रोटरीचे वळ. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी दिसली, तर ते धुण्या-पुसण्यातले ओरखडे. काळा रंग सगळीकडं सारखाच धुरकट, राखाडी झाला असेल, तर कडक पॅडनं आलेलं धुकं. हे तिन्ही प्रकार पुढं सांगितलेल्या पद्धतीनं कमी होतात. ओरखड्यावरून नख आडवं फिरवल्यावर ते अडकलं, तर तो खोल आहे. त्याला हात लावू नका, तो डेंटर-पेंटरचा विषय आहे.

मग पुसून बघायची चाचणी करा. मेडिकल दुकानात ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्याचा एक भाग आणि बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचे तीन भाग स्प्रेच्या बाटलीत मिसळा. हे पेट घेणारं द्रव्य आहे, त्यामुळं जवळपास बिडी-सिगारेट नको. थंड पत्र्यावर मारून स्वच्छ मायक्रोफायबरनं हलकं पुसा. पुसल्यावर धुरकटपणा गेला तर तो पॉलिशचा साका होता आणि तुमचं काम तिथंच आटोपलं. वळ उलट जास्त ठळक झाले तर त्यांच्यावरचं तेल निघालं, म्हणजे आता खरं चित्र समोर आलं. गाडी नुकतीच रंगवली असेल तर हे द्रावण वापरू नका. रंग पुरता सुकेपर्यंत थांबा, आणि किती थांबायचं ते रंगवणाऱ्यालाच विचारा.

काही गाड्यांवर हे काम करायचंच नाही. मॅट रंगावर पॉलिश फिरवलं की तिथं चकचकीत डाग पडतो आणि तो जात नाही. सिरॅमिक कोटिंग असेल तर ते पॉलिशबरोबर उतरेल, पुन्हा करायची तयारी असेल तरच पुढं जा. आधी कितीदा पॉलिश झालीय याचा पत्ता नसलेली जुनी गाडी घेतली असेल, तर जाडी मोजायचं मीटर असलेल्या माणसाकडून एकदा मोजून घ्या. कुठं पांढुरके, सोलल्यासारखे ठिपके दिसत असतील तर तिथला क्लिअर कोट मेलेला आहे. पॉलिशनं तो जिवंत होणार नाही.

सामान

ड्युअल ॲक्शन मशीन घ्या, सगळे तिला डीए म्हणतात. हिचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता डुलतोही, त्यामुळं एकाच दिशेच्या रेघा उमटत नाहीत आणि नवख्याच्या हातून रंग जळायची भीती फार कमी राहते. विकत घेणं जड वाटत असेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या, वर्षातून एक-दोनदाच लागते. पाच इंची बॅकिंग प्लेट, म्हणजे मशीनची जिच्यावर पॅड चिकटतो ती चकती, नवख्याला बरी.

ड्रिलला लावायचे स्वस्त पॅड घेऊ नका. ड्रिलही एकाच अक्षावर फिरतं, म्हणजे जे काढायला निघालात तेच पुन्हा कराल. आणि चार इंची ग्राइंडरला फोम लावून पॉलिश करायचं तर मनातही आणू नका. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशची रोटरी मशीन साधारण ६०० ते ३,००० फेऱ्यांत चालवतात. ग्राइंडरनं काही सेकंदांत क्लिअर कोट भाजून निघतो.

फोमचे निदान तीन मऊ फिनिशिंग पॅड आणि एक-दोन मध्यम पॅड लागतील. पॅडच्या रंगावर भरवसा ठेवू नका. एका कंपनीचा काळा पॅड मऊ, तर दुसरीचा लाल मऊ असतो. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या. पॉलिश फिनिशिंगचं हवं. मेग्वायर्सचं २०५ किंवा मेन्झेर्नाचं ३८०० या जातीचं कुठलंही चालेल. ‘रबिंग’ किंवा ‘कंपाउंड’ लिहिलेला डबा या कामाला नको.

कापडाकडं लोक फार दुर्लक्ष करतात, आणि काळ्या गाडीचं निम्मं नुकसान कापडानंच होतं. गॅरेजमधलं बनियनचं वेस्ट, रस्त्यावर मिळणारा पिवळा फडका, घरातला जुना टॉवेल, यातलं काहीही रंगाला लागू देऊ नका. मऊ, जाड लवेचे मायक्रोफायबर आणा, दहा-बारा तरी हवेत. शिवलेली कडा टोचते, म्हणून कड नसलेले उत्तम. कापडावरचं लेबल आधी कापून टाका. त्याशिवाय मास्किंग टेप, पॅड साफ करायचा मऊ ब्रश आणि चांगला कार शाम्पू.

जागा आणि वेळ

जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. बेळगावचा पाऊस झडीनं लागतो, उघड्या अंगणात गाडी सुकतच नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण तेव्हाच ऊस तोडणी सुरू होते. संकेश्वर, हुक्केरी, चिकोडीकडं कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना राखेचं सांगायला नको. फडात पाला जाळला की काळे तुकडे उडत येतात, ते पॅडखाली सापडले तर नवे ओरखडे. म्हणून शेड किंवा गॅरेज असलं तर सोन्याहून पिवळं. नसेल तर पहाटे गाडी धुऊन, वारा सुटायच्या आत एकच पॅनल करा. अंगण मातीचं असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून ठेवा.

पत्रा थंड हवा. हाताची मागची बाजू टेकवून बघा, ऊब लागली तरी थांबा. गरम पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटतं आणि त्याचे कण बारीक व्हायच्या आतच ओढले जातात. काळी गाडी थंडीतही दहा वाजता उन्हात तापते.

धुणं

जांबोटी, चोर्ला, खानापूरकडून येणाऱ्या गाडीवर तांबड्या मातीचा थर असतो आणि त्या मातीत कडक, टोकदार कण असतात. आधी नुसत्या पाण्याची धार भरपूर मारा. हात लावायची घाई करू नका. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा मोजा शाम्पूत बुडवायचा, वरून खाली पुसायचं, साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. चाकांजवळचा भाग सगळ्यात शेवटी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अंगणात वाळू दिलं की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात, म्हणून लगेच टिपून घ्या. टिपायचं, ओढायचं नाही.

आता हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवर हलकेच फिरवा. खरखर लागली तर डांबर, ब्रेकची धूळ किंवा लोखंडाचे कण रुतले आहेत. फाउंड्री आणि फॅब्रिकेशनच्या शेडजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं. क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, शाम्पूच्या पाण्यानं ओला ठेवून तेवढ्याच जागी फिरवा. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या. क्लेमुळंही काळ्या रंगावर पुसट रेघा येतात, म्हणून खरखर नसेल तर क्ले नको.

शेवटी रबराच्या पट्ट्या, काळं प्लॅस्टिक, चिन्हं आणि बॉनेटच्या उठावदार कडा मास्किंग टेपनं झाका. कडांवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथंच येतो.

एक चौकोन, मग बाकीची गाडी

सगळं शहाणपण या पायरीत आहे. बॉनेटवर दीड फूट लांब-रुंद चौकोन टेपनं आखा आणि त्याच्या मधोमध एक टेप उभी लावून दोन भाग करा. फक्त डाव्या भागावर काम करायचं.

बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक ठळक रेघ मारा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबली तर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरका धरलाय. वायर खांद्यावरून मागं टाका, ती बॉनेटवर घासायला नको.

नव्या पॅडला पॉलिशचा पातळ हात बोटानं सगळीकडं लावा. मग त्यावर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब. पॅड आधी पत्र्यावर टेकवायचा, मग मशीन चालू. बंदही पत्र्यावरच करायची, पॅड पुरता थांबल्यावरच उचलायची. नाहीतर पॉलिशचे शिंतोडे पार शेजाऱ्याच्या भिंतीवर.

मशीनच्या वेगाच्या पहिल्या-दुसऱ्या नंबरवर पॉलिश सगळीकडं पसरून घ्या. मग तिसऱ्या किंवा चौथ्यावर आणून सावकाश आडवे पट्टे मारा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यायला हवा. एक वीत अंतर कापायला आठ-नऊ सेकंद लागले पाहिजेत. नवख्यांचा हात इथं हमखास पळतो, म्हणून मनात आकडे मोजा. आडवं झालं की उभं, मग पुन्हा आडवं आणि उभं. शेवटच्या फेरीत हाताचा भार काढून घ्या, मशीनच्या स्वतःच्या वजनावर पॅड फिरू द्या. पॉलिशचा थर तोवर इतका पातळ होतो की त्यातून रंग दिसतो. तो वाळून पांढरी भुकटी उडायला लागली असेल तर जास्त वेळ झाला किंवा पत्रा तापलाय.

मायक्रोफायबरची चौघडी घालून पॉलिश उचला, मग अल्कोहोलचं पाणी मारून दुसऱ्या कापडानं पुसा. अल्कोहोलनं पुसल्याशिवाय निकाल लावायचा नाही, कारण पॉलिशमधलं तेलही रेघा झाकतं. आता मधली टेप काढा आणि टॉर्च तिरपा धरा. टिळकवाडीतल्या एका मित्राच्या काळ्या हॅचबॅकवर हे केलं तेव्हा टेपच्या उजवीकडं दिव्याभोवती धुकट वलय होतं, रुपेरी पट्टा तिरका गेलेला होता. डावीकडं एलईडीचा ठिपका नुसता ठिपका दिसत होता, कडा धारदार. टेपच्या जागी रंगच बदलल्यासारखी सरळ रेघ उमटली होती. तुमच्या चौकोनात असा फरक दिसला तर जोडी जमली, हाच पॅड आणि हेच पॉलिश सगळीकडं.

वळ थोडे उरले असतील तर तोच प्रकार एकदा पुन्हा करा. तरीही उरले तर पॉलिश तेच ठेवून मध्यम पॅड घ्या, आणि त्यानंतर मऊ पॅडची फेरी पुन्हा मारा. मध्यम पॅडवर थांबू नका. एकदम जाड पॉलिशवर उडी मारू नका. पॅडनं फार फरक पडतो, हे लोकांना लवकर पटत नाही.

उलट धुकं वाढलं तर? रंग मऊ आहे. नवा स्वच्छ पॅड घ्या, पॉलिश निम्मं करा, मशीन एका नंबरानं कमी करा आणि दाब अजिबात देऊ नका. एकाच गाडीवर बॉनेट कडक आणि पुन्हा रंगवलेला बंपर मऊ असं सर्रास असतं, म्हणून बंपरवर वेगळा चौकोन करून बघा. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरू देत नाही, तिथं एका जागी रेंगाळू नका.

पॅडवर गाडीचा रंग यायला लागला तर मशीन तिथंच बंद. जुन्या, एकाच थराच्या रंगाच्या गाड्यांवर ते साहजिक आहे. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर त्याचा अर्थ तुम्ही आरपार गेलात असा होतो.

सगळी गाडी

बॉनेटचे तसेच दीड फुटी चौकोन मनात पाडून पुढं जा, एकमेकांवर दोन बोटं चढवत. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा. दोन पॅनल झाले की पॅड बदला. साका भरलेला पॅड हेच नव्या वळांचं सगळ्यात मोठं कारण आहे. पॅड जमिनीवर पडला तर धुऊन वाळेपर्यंत बाजूला ठेवा, तांबडी माती फोममधून झाडून निघत नाही.

नवख्याला एका बॉनेटला दोन तास सहज लागतात. एका दिवसात अख्खी गाडी उरकायला जाऊ नका, दुपारनंतर हात जड होतो आणि दाब वाढतो. दरवाजांचा खालचा भाग कुणी निरखून बघत नाही, तिथं एक फेरी पुरे.

मशीन मिळतच नसेल तर हातानं होतं का? पुसट वळ असतील तर थोडंफार होतं. फोमचा मऊ अ‍ॅप्लिकेटर, तेच बारीक पॉलिश, वीतभर जागा, हलक्या हातानं आडवं-उभं. गोल गोल नाही. रोटरीचे ठळक पट्टे हातानं पुरते जात नाहीत, फिके होतात. रोजच्या वापराच्या गाडीला तेवढं पुष्कळ आहे.

त्यानंतर

सगळं झाल्यावर अल्कोहोलनं एकदा पुसून मेण किंवा सीलंटचा पातळ हात द्या. यानं ओरखडे जात नाहीत, पण पाणी आणि माती चिकटत नाही, त्यामुळं पुढचं धुणं सोपं जातं.

पुढच्या खंडेनवमीला दोन गोष्टी सांभाळा. झेंडूचा हार तारेनं ग्रिलला बांधला की गाडी चालताना ती तार बॉनेटच्या कडेवर घासत राहते. सुतळीनं बांधा, आणि पूजेनंतर गाडी हलवायच्या आधी हार सोडवून घ्या. बॉनेटवरचं कुंकू-हळद आणि तांदूळ कोरड्या फडक्यानं झटकू नका, पाण्याच्या धारेनं वाहू द्या. हळदीचा पिवळा डाग राहिला तर शाम्पूचं ओलं कापड त्यावर काही मिनिटं ठेवून मग उचला.

वॉशिंग सेंटरला गाडी देत असाल तर एवढंच सांगा: पाणी आणि फोम मारा, पुसू नका. पुसायचं काम घरी आणून आपल्या कापडानं करा. ती कापडं सुती कपड्यांत मिसळून धुऊ नका, सुताची तंतुळं त्यांत अडकतात. फॅब्रिक कंडिशनर घालू नका आणि सावलीत वाळवा. पॅडही त्याच दिवशी कोमट पाण्यात शाम्पू घालून चेपून धुवा. पिळू नका, फोम फाटतो. फोमची बाजू खाली करून वाळवा म्हणजे पाणी पाठीमागच्या वेल्क्रोच्या गोंदात मुरत नाही.